पॅटी बर्गच्या सहीचा जुना विल्सन गोल्फ सेट, तीन महिने वापरून

आधीच सांगून टाकते, मी काही गोल्फवाली नाही. शाळेत पीटी घेते, कॉलेजात असताना हॉकी खेळायची, आणि गोल्फ म्हणजे साहेब लोकांचं काम एवढंच डोक्यात होतं, कारण नागपुरात दुसरं दिसते काय, एक तर क्रिकेट नाहीतर मग क्रिकेट. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, डॉक्टर म्हणे पळणं बंद, उड्या बंद, आता फक्त चाला. अंबाझरीला रोज न चुकता चालणारे लोक मला खरंच देवमाणसं वाटतात हो, मला दुसऱ्या चकरेतच घर आठवते. तर आमच्या स्टाफमधल्या एका मॅडमचे मिस्टर फौजेतून रिटायर झालेले, ते म्हणाले अहो मॅडम, चालायचंच आहे नं, मग हातात काठी घ्या अन् बॉल मारत मारत चाला, त्यालाच तर गोल्फ म्हणतात. झालं. किडा शिरला डोक्यात.

नवीन सेटचे भाव पाहिले आणि मोबाईल पालथा ठेवून दिला. मग सदरकडच्या एका गल्लीत जुन्या सामानाचं दुकान आहे तिथे गेले (नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे तक्रार आहे). तिथे दोन गंजलेल्या कूलरच्या मागे, वाळ्याच्या ताट्या टेकवून ठेवल्या होत्या त्याच्या आड ही पिशवी उभी. कॅनव्हासची, एक पट्टा तुटलेला, आत सात काठ्या आणि एक मेलेली पाल. दुकानदार म्हणे ताई, फुल सेट आहे, जर्मन माल आहे, बर्ग आहे बर्ग, वाचा इथे. मी वाचलं, खरंच लोखंडावर तिरप्या अक्षरात सही कोरल्यासारखं पॅटी बर्ग लिहिलेलं, बाजूला विल्सन. सहा हजारावरून सुरू झाला, चार हजार दोनशेवर आला, वरून ग्रिप बदलून देतो म्हणून पाचशे ॲडव्हान्स घेतला. त्या पाचशेचं पुढे बघू.

घरी आणून पितांबरीने घासलं तर खालून काय क्रोम निघालं, बापरे. पाच नंबरच्या काठीच्या डोक्यात चेहरा दिसत होता माझा. मुलगी शोधत बसली मोबाईलवर आणि पाच मिनिटांत ओरडली, आई, अगं हा जर्मन बिर्मन काही नाही, ही बाई आहे! अमेरिकन! मी तोवर पॅटी म्हणजे कोणी पॅट्रिक वगैरे पुरुष धरून चालले होते. तिथून जो नाद लागला तो असा की काठ्या फिरवल्या तीन महिने, पण वाचलं त्याच्या दुप्पट. म्हणून हा रिव्ह्यू काठ्यांचा कमी आणि बाईचा जास्त वाटला तर वाटू द्या, मला तर आता दोन्ही वेगळं काढताच येत नाही.

कारण ऐका. पॅटी बर्ग जन्मली १३ फेब्रुवारी १९१८ ला मिनियापोलिसमध्ये. वडील धान्याचे व्यापारी, म्हणजे आपल्या इतवारीतल्या अडत्याच्या घरची पोरगी समजा. लहानपणी गल्लीतल्या पोरांच्या टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळायची, तो अंगावर धावून जायचा असतो तो, आणि त्यात ती क्वार्टरबॅक, म्हणजे सगळ्यांना ओरडून सांगणारी. त्याच टीममधला बड विल्किन्सन पुढे ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचा मोठा नावाजलेला कोच झाला. बर्फावर स्केटिंगच्या शर्यतीही करायची. घरच्यांना तिचे खरचटलेले गुडघे बघवेनात, मग वडलांनी तेराव्या वर्षी गोल्फच्या काठ्या दिल्या. आमच्या वेळी हॉकी सोडवायला घरच्यांनी मला शिवणाचा क्लास लावला होता, तेव्हा ह्या बाईचं नशीब बघा.

१९३४ ला सोळाव्या वर्षी शहराची चॅम्पियन. १९३५ ला आपल्याच गावातल्या गोल्फच्या मैदानावर, इंटरलाकेनला, राष्ट्रीय अमॅच्युअर स्पर्धेच्या फायनलमध्ये, समोर ग्लेना कॉलेट व्हेअर, जिने ती स्पर्धा आधीच पाच वेळा मारलेली. पॅटी हरली, ग्लेनाची सहावी झाली. पण १९३८ ला तिनेही ती जिंकली, आणि त्याच्या आधी १९३७ पासून टायटलहोल्डर्स नावाची स्पर्धा लागोपाठ तीन वर्षं. हे सगळं फुकटात हं, अमॅच्युअर म्हणजे पैसा घ्यायचा नाही.

मग १९४० ला ती प्रोफेशनल झाली आणि इथे माझ्या हातातल्या काठीचा संबंध येतो. आपण प्रोफेशनल म्हटलं की बक्षिसाचे चेक डोळ्यासमोर आणतो. त्या वेळी बायकांच्या स्पर्धा हातावर मोजण्याइतक्या, बक्षिसं नावापुरती, त्यात घर चालणं सोडा, प्रवासही निघायचा नाही. मग बाई प्रोफेशनल व्हायची म्हणजे काय व्हायची? तर काठ्या बनवणारी कंपनी तिला पगारावर ठेवायची. विल्सनने आधी १९३४ मध्ये हेलन हिक्सला घेतलं होतं, १९४० मध्ये पॅटीला घेतलं. कंपनी काठीवर तिची सही छापणार आणि ती गावोगाव क्लबात, कॉलेजात जाऊन लोकांपुढे मारून दाखवणार, असा लांब जातो, असा उंच जातो, असा वळतो. महिला मंडळात मिक्सरचा डेमो द्यायला ताई येतात नं, अगदी तेच, फक्त ही ताई देशातली सगळ्यात भारी गोल्फर होती. असे हजारो डेमो केले तिने आयुष्यभर, म्हातारपणीही सुरूच, बोलायला एकदम खुसखुशीत होती म्हणतात. म्हणजे ही जी सही आहे पाच नंबरच्या पाठीवर, ते काही फॅन लोकांसाठी छापलेलं सुव्हेनियर नाही, हा तिचा पगार आहे. मैदानात जिंकायची ती ह्यासाठी की सही विकली जावी, आणि सही विकली जायची म्हणून मैदानात जाता यायचं. मला हे कळल्यापासून त्या काठीला नुसतं काठी म्हणवत नाही.

आता काठ्यांवर येते, नाहीतर म्हणाल रिव्ह्यू कुठे आहे.

पहिलं म्हणजे फुल सेट वगैरे काही नाही. नियमाप्रमाणे पिशवीत १४ चालतात, इथे सात. लोखंडी ३, ५, ७, ९, लाकडी डोक्याच्या दोन, आणि एक पटर (बॉल होलात ढकलायची काठी) जो दुसऱ्याच कोणाचातरी आहे, बर्गबाईंशी त्याचा काही संबंध नाही. पण शिकणाऱ्याला सात पुरतात हे फौजी काकांनी सांगितलं आणि ते खरं निघालं, कारण मी तीन महिन्यांत पाच आणि सात ह्या दोनच वापरल्या, तीन नंबर तर मला घाबरवते.

लांबी. दुकानदार म्हणे हे मर्दाचं माप आहे, दोन इंच कापून देतो, त्याचे वेगळे तीनशे. नशीब माझं की मी नाही म्हटलं. हा बायकांचाच सेट आहे, बायकांच्या काठ्या साधारण इंचभर आखूड असतात, डोकं हलकं, दांडा जरा लवचिक. काकांची काठी हातात घेऊन बघितली तेव्हा फरक कळला, त्यांची म्हणजे मुसळ, ही म्हणजे रवी. माझी उंची पाच फूट दोन इंच. आणि पॅटी बर्गची उंची किती होती माहितीये? पाच फूट दोन. मी हे वाचून दिवसभर सगळ्या स्टाफरूमला सांगत फिरली.

पण मारायला सोप्या आहेत का? अजिबात नाही, इथे खोटं बोलणार नाही. आताच्या काठ्यांची पाठ पोकळ असते, वजन कडेकडेला वाटलेलं असतं, त्यामुळे बॉल थोडा इकडेतिकडे लागला तरी निभावून जाते. हे जुनं म्हणजे सरळ पातं. मधे एक नाण्याएवढी जागा आहे, तिथे लागला तर आवाजच वेगळा, टक् असा, आणि हाताला काहीच जाणवत नाही, लोण्यातून सुरी गेल्यासारखं, बॉल कुठे गेला हे नंतर बघायचं. आणि त्या जागेच्या अर्धा इंच बाहेर लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. जानेवारीतल्या थंडीत सकाळी सहा वाजता तर डोळ्यात पाणी. माझं हॉकीचं मनगट आडवं येते, बॉल जमिनीलगत सपाट जाऊन राहिला होता पहिला महिनाभर, काका म्हणायचे मॅडम, इथे गोलकीपर नाही, वर उचला.

प्रॅक्टिस मी बेसाकडे एका रिकाम्या लेआऊटमध्ये करते. रोड टाकलेले, नाल्या खोदलेल्या, घर एकही नाही, फक्त प्लॉट विकणे आहे चा टिनाचा बोर्ड (त्याला एकदा बसला, अर्ध्या बेसाला ऐकू गेला असेल). गवत नाही, एकतर मुरूम नाहीतर काळी माती. मुरमावर मारलं तर ह्या क्रोमची वाट लागते, सात नंबरच्या बुडाला ओरखडे पडले ते माझेच पाप. मग घरून काथ्याचं पायपुसणं नेलं, त्यावर बॉल ठेवून मारते, आता बरं आहे. आणि काळ्या मातीला मार्चनंतर ज्या भेगा पडतात, एक बॉल माझ्या डोळ्यांदेखत भेगेत गेला, हात घातला तर मनगटापर्यंत आत, बॉल काही लागला नाही. असे चार गेले आतापर्यंत. पावसाळ्यात उगवतील बहुतेक.

तिथली बांधकामावरची पोट्टी रोज बघायला बसतात. एक जण म्हणाला मॅडम, ह्याच्यात आऊट कसं होते? मला उत्तर देता नाही आलं.

लाकडी काठ्यांबद्दल एक गंमत सांगायचीच आहे. त्यांची डोकी पर्सिमनची असतात, तेव्हा बहुतेक चांगल्या कंपन्या तेच लाकूड वापरायच्या, धातूची डोकी फार नंतर आली. तर हे पर्सिमन म्हणजे आपल्या तेंदूच्या खानदानातलं झाड! तोच वंश. भंडारा-गोंदियाकडे ज्याची पानं बिडीला जातात, उन्हाळ्यात आपण ज्याची टेंभरं खातो, त्याचा अमेरिकन चुलतभाऊ. आमची आजी तुमसरकडची, तेंदूपत्ता तोडायला जायची लहानपणी, तिला हे सांगायला हवं होतं. डोकं हातात घेतलं की गुळगुळीत, जुन्या पाटासारखं, वरचं वॉर्निश एका बाजूला सुटलं आहे आणि तळाच्या पितळी पट्टीचा एक स्क्रू गायब. ह्याने मी फारसं मारलं नाही, तडकलं तर परत कुठून आणू.

गुडघ्याचं राहिलं. डिसेंबर १९४१, प्रोफेशनल होऊन दोन वर्षंही नाही झाली, त्याच वर्षी वेस्टर्न ओपन नावाची मोठी स्पर्धा जिंकलेली, आणि टेक्सासमध्ये कारचा अपघात झाला, सोबत हेलन डेटवायलर. पॅटीचा डावा गुडघा फुटला. दीड वर्षं खेळ बंद. बॉक्सर लोकांच्या जिममध्ये जाऊन तिने पाय परत उभा केला आणि १९४३ ला आली ती परत वेस्टर्न ओपन जिंकूनच. त्यानंतर मरीन कोअरमध्ये, म्हणजे अमेरिकन फौजेत, लेफ्टनंट. मी हे वाचलं तेव्हा फिजिओकडे बाकावर बसले होते, पायाला ते करंटचे चिमटे लावलेले, आणि डावाच गुडघा. म्हणून दुसऱ्या दिवसापासून माझ्या व्यायामाच्या तक्रारी बंद झाल्या असं लिहिणार होते, पण नाही झाल्या, फिजिओवाला पोरगा साक्षीदार आहे.

१९४६ ला बायकांची पहिली यूएस ओपन झाली स्पोकेनला, ती तिने बेटी जेमसनला हरवून घेतली. पण मला सगळ्यात जास्त आवडला तो भाग १९५० चा. प्रोफेशनल बायकांची १९४४ ची एक जुनी संघटना होती ती पैशावाचून बसत चालली होती, तर पॅटी धरून तेरा जणींनी मिळून एलपीजीए नावाची नवी संघटना काढली. तेरा! आपल्याकडे भिशीला ह्याच्यापेक्षा जास्त बायका असतात. त्यात बेब झहारियास, जिने १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये ॲथलेटिक्सची दोन गोल्ड घेतलेली, लुईस सग्ज, बेटी जेमसन, वरची हेलन हिक्स आणि हेलन डेटवायलरही, आणि मार्लीन बॉअर नावाची सोळा वर्षांची पोरगी. पॅटी पहिली अध्यक्ष, १९५२ पर्यंत. इथेही बघा, विल्सनचे प्रेसिडेंट आइसली ह्यांनी फ्रेड कॉर्कोरन नावाच्या माणसाला ह्यांच्या स्पर्धा जमवायला लावून दिलं, म्हणजे परत काठ्यांचाच पैसा. उपकार केले असं मी म्हणणार नाही, ह्या खेळल्या तर बायका काठ्या घेतील हा सरळ धंद्याचा हिशोब, आणि ह्या बायकांनी तो हिशोब ओळखून आपलं काम काढून घेतलं. पेपरला बातमी देण्यापासून कोर्सवर खुणा करण्यापर्यंत सगळं स्वतःच करायच्या, स्पर्धा संपली की गाड्यांत पिशव्या टाकायच्या आणि पुढच्या गावी. आमच्या झोनल स्पर्धांना मीच चुना टाकते, मीच शिट्टी मारते आणि मीच सर्टिफिकेटवर नावं लिहिते, त्यामुळे ह्यात काही नवल वाटायला नको, तरी वाटलं.

आकडे एकदा सांगून मोकळी होते. मेजर म्हणतात त्या, म्हणजे सगळ्यात मानाच्या, स्पर्धा तिने १५ जिंकल्या, सात टायटलहोल्डर्स, सात वेस्टर्न ओपन, एक यूएस ओपन. बायकांमध्ये हा रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाही, मिकी राइट १३ वर, सग्ज ११ वर, बेब १० वर. व्हेअर ट्रॉफी म्हणून सरासरी स्कोअरची ट्रॉफी असते ती तीनदा, आणि ती ट्रॉफी त्याच ग्लेनाच्या नावाची जिच्याशी ही पोरवयात हरली होती. १९५९ च्या यूएस ओपनमध्ये एका फटक्यात बॉल होलात. शेवटची स्पर्धा जिंकली १९६२ ला. २००६ ला गेली, ८८ व्या वर्षी, आणि विल्सनचं नातं शेवटपर्यंत.

दोन मेजर, म्हणजे टायटलहोल्डर्स आणि वेस्टर्न, आता होतच नाहीत, म्हणून काही लोक नाक मुरडतात की त्या जुन्या कुठे धरता. माझं म्हणणं, समोर ज्या होत्या त्यांना हरवलं की नाही? संपलं मग.

आता तक्रार. ग्रिप. मूळच्या ग्रिप चामड्याच्या, गुंडाळलेल्या, पण एवढ्या वर्षांत कडक होऊन भाकरीसारख्या तडकलेल्या, घाम आला की हात काळा. ह्यात कंपनीचा काही दोष नाही, वय आहे. दुकानदाराने पाचशे घेतले, पाच आणि सात नंबर ठेवून घेतल्या, म्हणे आठ दिवसांत. आठ दिवसांनी म्हणे मुंबईहून माल यायचा आहे. मग म्हणे कारागीर लग्नाला गेला. मग म्हणे कोणत्या काठ्या? तेव्हा मात्र मी पीटीचा आवाज काढला, समोरच्या टपरीवरची माणसं उठून आली. पाच नंबर मिळाली, त्यावर काय लावलं होतं? मोटरसायकलच्या हँडलचा रबर! कापून, सोल्युशनने चिकटवून. आणि वरून म्हणतो ताई, पकड बघा नं, बुलेटची आहे. दोन दिवस मी चिडलेली होते, मग वापरून पाहिली तर काय सांगू, पकड खरंच वाईट नाही, फक्त जाड आहे आणि उन्हात वास येतो. फौजी काकांनी पाहिली आणि पाच मिनिटं नुसते हसत होते. योग्य ग्रिप ऑनलाइन मिळतात, टेप आणि थोडं पेट्रोल असलं की घरी लावता येतात, काकांनी नऊ नंबरला लावून दाखवली, अर्धा तास लागला. म्हणजे तुम्ही असा जुना सेट घेत असाल तर ग्रिपचे पैसे कुणाला ॲडव्हान्स देऊ नका, आणि कापून देतो म्हणणाऱ्याच्या हातात काठी तर देऊच नका.

घ्यावा का? ज्याला पटकन स्कोअर करायचा आहे त्याने नवीन पोकळ पाठीचं काहीतरी बघावं, कर्ज काढून का होईना. माझ्यासारखं चालायचं निमित्त पाहिजे, उंची बेताची आहे आणि महिनाभर कोपराला झिणझिण्या सहन होतात, तर चार हजारात ह्याच्याहून चांगली वस्तू मला तरी नागपुरात दिसली नाही. काठ्यांना पाचातले साडेतीन, दुकानाला एक, तोही त्या पालीबद्दल त्याने सॉरी म्हटलं म्हणून.

सात नंबर अजून त्याच्याकडेच आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर जाऊन राहिली आहे, सोबत मुलगी आणि शिट्टी दोन्ही घेऊन.